मास्तरांचं कोरं लायसन्स

मास्तरांनी शाळेत कधी खडू हातात धरला नाही. ते ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. खरं नाव होतं, पण ते कागदोपत्री. लोकांच्या तोंडी सगळीकडे मास्तरच. शहरातल्या दातांच्या डॉक्टरपासून दूध टाकणाऱ्या बाईपर्यंत निम्म्या लोकांनी त्यांच्या शेजारी बसून पहिल्यांदा क्लच सोडला होता आणि भर चौकात गाडी बंद पाडली होती. गाडी बंद पडली की मास्तर ओरडत नसत. खिडकीबाहेर बघत म्हणत, "घाई नाही. मागचे हॉर्न वाजवतायत, वाजवू देत, तेवढंच येतं बिचाऱ्यांना." शिकणाऱ्याला हसू यायचं, ताठरलेला पाय सैल व्हायचा आणि गाडी निघायची.

माणूस भला होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची गोष्ट ऐकताना कुणाला तसं वाटणार नाही.

त्यांची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. मास्तरांची बायको म्हणून मोहल्ला तिला मास्तरीणबाई म्हणायचा. तिनंही गाडी नवऱ्याकडेच शिकली, आणि अशी शिकली की मास्तर पहिल्या आठवड्यातच गप्प झाले. तिचा हात हलका होता. गिअर बदललेला शेजारच्याला कळायचा नाही. अरुंद गल्लीत ती गाडी अशी वळवायची, जशी एखादी बाई भरल्या घरातून पाण्याची घागर घेऊन कुणालाही न धडकता जाते. मास्तर मित्रांना सांगत, "आमच्या हिला शिकवायला काही उरलंच नाही हो." त्या वेळी ते कौतुकानं सांगत.

लायसन्स आलं आणि बाईंच्या मनात एक बेत शिजायला लागला. औषधांच्या गोदामातून दवाखान्यांना माल पोचवायला एक छोटी व्हॅन असायची. तिचा ड्रायव्हर गावी परतणार होता. दुकानात माल यायचा तेव्हा गोदामाच्या मालकांशी बोलणं व्हायचं, त्यांनी एकदा बाईंना दुकानासमोर अडकलेली व्हॅन मागं घेऊन देताना पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हीच या की. औषधं फुटणार तरी नाहीत." काउंटरमागं दिवसभर उभं राहून बाईंच्या पायांच्या शिरा तट्ट फुगायच्या. बसून करायचं काम, तेही रस्त्यावर, मोकळ्या हवेत! त्या दिवशी त्या घरी आल्या त्या गुणगुणतच.

आणि मग ती सकाळ आली.

घरची गाडी होती, मास्तर चालवत होते, बाई शेजारी. मुलगी लहान होती, शाळेत गेलेली. मास्तरांचा फोन वाजला. एक शिष्य टेस्ट पास झाला होता. मास्तरांनी फोन खांद्यात धरला, "शाब्बास रे वाघा!" म्हणाले आणि तसेच डाव्या गल्लीत वळले. आरशात पाहिलं नाही. जे शेकडो लोकांना शिकवलं, ते स्वतः केलं नाही. बाजूनं एक घड्याळवाला सायकलवरून येत होता. घड्याळं दुरुस्त करणारा, साधा माणूस. सायकल दारावर आदळली आणि तो रस्त्यावर फेकला गेला. त्याची पत्र्याची पेटी उघडली आणि बारीकसारीक चाकं, काटे, स्प्रिंगा सगळीकडे उडाल्या.

बाई दार उघडून धावल्या. रस्त्यावर फतकल मारून बसल्या, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, वाकडा झालेला पाय कुणी हलवू नये म्हणून हातानं धरून ठेवला. मास्तर क्षणभर स्टिअरिंग धरून बसून राहिले. मग उतरले आणि बॉनेटपाशी उभे राहिले. आवाज ऐकून दुकानांतली माणसं बाहेर आली तेव्हा त्यांना दिसली ती बाई; गाडी कोण चालवत होतं ते कुणी पाहिलं नव्हतं. पोलीस आला. जखमीला दुसऱ्या गाडीत घालून दवाखान्यात पाठवल्यावर त्यानं विचारलं, "चालवत कोण होतं?"

मास्तरांनी तोंड उघडलं नाही. त्यांनी फक्त बायकोकडे पाहिलं.

लग्नाला काही वर्षं झाली की अशा बघण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्या बघण्यात ड्रायव्हिंग स्कूलची नोकरी होती, घराचा चुलीपासून शाळेपर्यंतचा खर्च होता, मास्तर हे नाव होतं. बाईंनी रक्ताचे हात पुसले.

"मी," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्या एवढंच बोलल्या, "तुमचं लायसन्स गेलं तर आपण सगळेच बसलो. माझं काय, काउंटरवर उभी आहेच." आणि थांबल्या. नवरा काहीतरी बोलेल म्हणून थांबल्या. मास्तर म्हणाले, "तू अगदी वेळेवर सावरून घेतलंस." बाई उठल्या आणि कांदा चिरायला बसल्या.

त्यांचं लायसन्स काही महिने निलंबित झालं. ते परत मिळालं, पण नोंद राहिली: अपघात, एक जखमी, निलंबन. गोदामाच्या मालकांनी नियमाप्रमाणे लायसन्स तपासून घेतलं, फार वाईट वाटलं त्यांना, आणि व्हॅन दुसऱ्याला दिली. घड्याळवाल्याचा पाय जुळला, पण चालताना तो जरा झुकायचा. तो पडून होता तोवर बाई त्याला जेवणाचा डबा नेऊन द्यायच्या. मास्तर त्याच्या दुकानावरून जायचं टाळायचे.

इथवर जे झालं त्याला भीती म्हणता येईल. माणूस घाबरतो, चुकतो. पुढचं मात्र भीतीनं झालं नाही.

स्कूलमध्ये गाडीत बसवण्याआधी मास्तर वर्गात नियम समजावत. एकदा एका आगाऊ शिष्यानं विचारलं, "मास्तर, तुमच्या घरच्यांनीच म्हणे एकाला उडवलं?" मास्तरांना "पुढचा मुद्दा घ्या" म्हणता आलं असतं. पण त्यांची जीभ सवयीनं वळली. "उडवलं ना!" ते म्हणाले. "शिकवलं आम्ही, पण आरशात बघायचं काम काही आम्ही करून देऊ शकत नाही." वर्ग खो खो हसला. मास्तरांना हायसं वाटलं. पुढच्या बॅचला कुणी विचारलं नाही, तर त्यांनी आपणहून सांगितलं. मग त्या किश्शाला पाय फुटले. बाईसाहेब फोनवर बोलत होत्या, हेही आलं. "शाब्बास रे वाघा" हेसुद्धा बायकोच्या तोंडी गेलं. वर्षानुवर्षं हा किस्सा नियमांच्या पाठाबरोबर ठरलेलाच झाला. तो इतका घोटला गेला की कधीकधी मास्तरांना स्वतःलाच स्टिअरिंगवर बायकोचे हात दिसायचे.

किस्सा शहरात फिरला आणि फिरत फिरत औषधांच्या दुकानातही पोचला. गिऱ्हाइकं हसत हसत म्हणायची, "मास्तरीणबाई, गोळ्या आरशात बघून द्या हो." बाई गोळ्या मोजून द्यायच्या. त्या गाडी चालवेनाशा झाल्या, पण लायसन्सची मुदत संपत आली की न चुकता जाऊन नवं करून आणायच्या. मास्तर हसायचे, "शोकेसला ठेवायचंय का?" बाई म्हणायच्या, "असू दे."

मुलगी हे ऐकतच मोठी झाली. ड्रायव्हिंग मास्तरांची एकुलती एक मुलगी, पण ती गाडी शिकली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी आईवर गेलेय. उगाच कुणाचा पाय मोडायचा."

अशी बरीच वर्षं गेली. मास्तरांचे केस पांढरे झाले, डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं. एका सकाळी तिघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि बजावलं, "संध्याकाळपर्यंत गाडी चालवायची नाही." हे काही मास्तरांच्या ध्यानात आलं नव्हतं. बाहेर उन्हात त्यांना सगळं जग दुधात बुडवल्यासारखं दिसायला लागलं.

"रिक्षा करू या," मुलगी म्हणाली.

"आणि गाडी इथं सोडायची?" बाईंनी हात पुढे केला. "द्या किल्ली."

मुलगी मागं बसली आणि तिनं पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. मास्तर शेजारी, काळा चष्मा लावून. बाईंनी सीट पुढं घेतली, आरसे नीट केले आणि गाडी काढली. वाटेत कुठं गचका नाही, धक्का नाही. दिसत नव्हतं म्हणून मास्तर कानांनी गाडी ऐकत होते, आणि इंजिन कुठंही कण्हत नव्हतं. एवढ्या वर्षांनी!

पुलाच्या अलीकडे पोलिसांची तपासणी चालू होती. एक तरुण पोलीस बाई हात करून गाड्या बाजूला घेत होती. बाईंनी इंडिकेटर देऊन गाडी कडेला लावली, काच खाली केली, लायसन्स दिलं. पोलीस बाईच्या हातात छोटं मशीन होतं.

"आधी गाडी बघते," ती म्हणाली. "विमा चालू आहे. धुराचं प्रमाणपत्र आहे. सिग्नल तोडल्याचे दंड राहिलेत बरं का, कॅमेऱ्यानं पकडलेले. बाजारचा चौक."

बाजारचा चौक म्हणजे स्कूलच्या वाटेवरचा. तिथून रोज कोण जातं हे गाडीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. मास्तर घसा खाकरून म्हणाले, "त्या मशीनला कोण चालवत होतं ते दिसतं का?"

"नाही आजोबा. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो. माणूस कोण, ते आम्हाला दिसत नाही. माणसाचं दिसतं ते त्याच्या लायसन्सवर." तिनं बाईंचा नंबर टाकला. आवाज बदलला. "तुमच्यावर एक नोंद आहे. अपघात, एक जखमी. निलंबनही झालेलं. बरोबर?"

"बरोबर," बाई म्हणाल्या.

"हे सगळं दिसतं?" मुलीनं मागून विचारलं.

"दिसतं ना. मुदत, कुठली गाडी चालवायची परवानगी, निलंबन, मोठे गुन्हे. जुनं असलं तरी पुसत नाही."

इथं मास्तरांनी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ पुन्हा जुन्या वाटेनं गेली. "अहो मॅडम, म्हणून तर मी हिला गाडी देत नाही. आज डोळ्यांत औषध घातलंय म्हणून नाइलाज. मी स्वतः ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर, पण घरातच दिव्याखाली अंधार!"

मुलगी फिसकन हसली. पोलीस बाईलाही हसू आलं. "मास्तर आहात? मग तुमचंही बघू या." तिनं त्यांचं लायसन्स घेतलं, नंबर टाकला. "वा! एवढी वर्षं आणि एकही नोंद नाही. इतकं कोरं लायसन्स मला रोज बघायला मिळत नाही." मग खिडकीतून वाकून बाईंना म्हणाली, "मावशी, घरात असा माणूस असताना तुम्ही जरा शिकून घ्यायचं होतंत."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना दिसला तो एक पांढुरका डाग. डोळे नाहीत, तोंड नाही. ती हसली की रडवेली झाली, काही कळेना. एवढं मात्र दिसलं की तो डाग त्यांच्याकडे वळला नाही. समोर रस्त्याकडेच राहिला.

"हो, चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "जाऊ का?"

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. पोलीस समोर होती, मुलगी मागं होती, तीन शब्द पुरले असते. मास्तरांची जीभ टाळ्याला चिकटली. कधी नव्हे ती जीभ. गाडी निघाली. पूल गेला, बाजारचा चौक आला, बाई लाल दिव्याला थांबल्या आणि हिरव्याला निघाल्या.

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले. मुलीनं पाणी आणून दिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, आज काही झालं नाही ते नशीब. आईला परत गाडी देऊ नका. माझा जीव मुठीत होता."

मास्तरांनी चष्मा काढला. उजेडानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"तो माणूस मी पाडला," ते म्हणाले.

"कुठला?"

"घड्याळवाला. गाडी मी चालवत होतो. फोनवरही मीच होतो. तुझी आई शेजारी बसली होती."

मुलगी हसायच्या बेतात होती. बाबांचा हा काहीतरी नवा किस्सा. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ग्लास खाली ठेवला. ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

"आई, तू कधी का नाही बोललीस?"

"ज्यांचं होतं त्यांनी सांगावं, म्हणून," आतून आवाज आला.

"एवढी वर्षं? आणि ते वर्गात सांगून लोकांना हसवत होते, तरी?"

बाईंचा आवाज थकलेला होता. "आळ मी माझ्यावर घेतला, तो मला जड नव्हता. पण तो फोन माझ्या हातात कशाला दिला त्यांनी? ते मला दुकानात एका गिऱ्हाइकाकडून कळलं."

मास्तर बाहेर बसून ऐकत होते. जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं म्हणतात. फरशी काही हलली नाही. ते तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दिसायला लागल्यावर ते वाहतूक पोलिसांच्या कचेरीत गेले. कालचीच पोलीस बाई टेबलामागं डबा खात होती. मास्तरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिचा घास हातात राहिला.

"बसा," ती म्हणाली. "मास्तर, मशीनला कुणीतरी सांगितलेलंच दिसतं. खोटं सांगितलं तर खोटंच दिसतं. बदलायचं तर लेखी जबाब द्यावा लागेल. तुमच्यावर प्रकरण होईल, मास्तरकीचा परवाना जाईल. ते तुम्ही सोसाल. पण पोलिसांना खोटं सांगितलं म्हणून मावशींनाही उभं करतील. त्यांना विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. आपण स्वच्छ व्हायच्या घाईत मास्तर बायकोला विचारायला पुन्हा एकदा विसरले होते. हे लक्षात आलं तेव्हा त्यांना कालच्यापेक्षा जास्त लाज वाटली.

घरी विचारलं तेव्हा बाई भडकल्या. अपघातानंतर पहिल्यांदा. "म्हणजे तुमच्या मनाला मोकळं वाटावं म्हणून मी आता कोर्टाच्या पायऱ्या चढू? तेव्हा तुमच्यासाठी, आताही तुमच्यासाठीच? अजिबात नाही. राहू दे ती नोंद माझ्याकडे. तुमचं लायसन्स कोरं आहे ना, ते बघत बसा."

मग मास्तर घड्याळवाल्याकडे गेले. तो म्हातारा झाला होता, डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात डोकं घालून बसला होता. मास्तरांनी सांगून टाकलं आणि हात जोडले. घड्याळवाल्यानं भिंग काढलंसुद्धा नाही.

"मी तर उताणा पडलो होतो, मला आभाळ दिसत होतं," तो म्हणाला. "मला आठवतो तो एकच हात. पाय धरून ठेवलेला. तो तुमच्या घरच्यांचाच होता ना?"

"हो."

"मग झालं. त्यांना नमस्कार सांगा." आणि चिमट्यानं तो एक काटा बसवायला लागला. मास्तरांना शिव्या हव्या होत्या. त्याही मिळाल्या नाहीत.

पुढच्या बॅचला नियमांचा पाठ आला. मास्तर फळ्यापाशी उभे राहिले आणि तोच किस्सा त्यांनी खरा खरा सांगितला, फोनसकट, बघण्यासकट, इतकी वर्षं तो कसा सांगितला त्यासकट. कुणी हसलं नाही. एक बाई उठून निघून गेल्या. त्यांनी पूर्वीच्या एका बॅचमधल्या आपल्या भावाकडून तो ऐकला होता आणि आपल्याही घरी हसून सांगितला होता. स्कूलच्या मालकांनी बोलावून घेतलं. "मास्तर, धंद्यात असं बोलायचं असतं का? लोक म्हणतील, चला दुसरीकडे." त्यांनी वर्ग दुसऱ्याकडे दिला, मास्तरांकडे फक्त मैदानावरच्या गाड्या राहिल्या. औषधांच्या दुकानात कुणी थट्टा करेनासं झालं, पण लोक बाईंकडे अशा दयेनं बघायला लागले की त्या म्हणाल्या, "याच्यापेक्षा थट्टा बरी होती."

मुलीनं मास्तरांशी बोलणं बरेच दिवस कामापुरतं ठेवलं. मग एके दिवशी आईला म्हणाली, "मला गाडी शिकव." मास्तरांनी न राहवून सुचवलं, "मैदान रिकामं असतं सकाळी, मी येतो." मुलगी म्हणाली, "नको बाबा." त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. दोघी जात, दोघी येत. येताना बाईंचा चेहरा उजळलेला असे आणि तो कशामुळे उजळला ते त्या मास्तरांना सांगत नसत. गाडीची किल्ली आता बाईंच्या पर्समध्ये असायची. मास्तर शेजारी बसायचे, आणि बसण्याआधी विचारायचे.

असेच एकदा जाताना पुन्हा तपासणी लागली. या वेळी एक वैतागलेला, घामेजलेला पोलीस होता. त्यानं मशीनमध्ये नंबर टाकला आणि कपाळाला आठी घातली.

"अपघाताची नोंद आहे तुमच्यावर."

"आहे," बाई म्हणाल्या.

"साहेब," मास्तर पलीकडून वाकून म्हणाले, "ती नोंद हिची नाही. माझी आहे."

पोलिसानं त्यांच्याकडे पाहिलं, मग मागं लागलेल्या गाड्यांच्या रांगेकडे. "आजोबा, कुणाची का असेना, जुनी आहे. मुदत आहे, विमा आहे. चला, गाडी काढा, रस्ता अडलाय."

बाईंनी गाडी काढली. मग त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "झालं समाधान?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"व्हायचंही नाही," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या वळणाला गिअर असा बदलला की मास्तरांना कळलासुद्धा नाही.